आश्रयदात्या सभासदांची व्याख्यानमाला आणि स्नेहभोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सभासद कक्षात फोनवर, ईमेलवर आणि कधी जिन्यात गाठून विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्या प्रश्नांपायी फोन लवकर खाली ठेवता येत नाही, त्यांची उत्तरं साहजिकच लांबली आहेत.

ही व्याख्यानमाला म्हणजे नेमकं काय?

वर्षातल्या ठरावीक दिवशी, दुपारच्या वेळी संग्रहालयाच्या सभागृहात एक व्याख्यान होतं आणि ते संपलं की सगळे एकत्र जेवतात. वक्ताही जेवायला थांबतो. कुणालाही बोलवताना आम्ही ही अट आधीच सांगतो आणि ज्यांना व्याख्यान संपताच निघायचं असतं त्यांना पुढच्या वेळी बोलावतो.

या अटीमागे कारण आहे. सभागृहात माईक फिरतो तेव्हा हात वर करणारी मंडळी ठरलेली असतात. बाकीच्यांच्या मनात प्रश्न असतो, पण चारचौघांत विचारायला तो फार साधा वाटतो. जेवणाच्या टेबलावर हाच प्रश्न सहज बाहेर पडतो. जुन्या वस्त्रांच्या जतनावरच्या व्याख्यानानंतर टेबलावर कुणीतरी विचारतं, ‘साड्यांसारख्या घड्या घालून का नाही ठेवत?’ जतनतज्ज्ञ समोरचा नॅपकिन उचलतो, चौघडी करतो, घडीवर नख फिरवतो आणि उलगडून दाखवतो. रेघ दिसते. मग सांगतो की कापड जुनं झालं की तंतू ठिसूळ होतात, वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिले की त्याच रेघेवर तुटतात. म्हणून मोठी सपाट वस्त्रं आम्लविरहित कागदासोबत जाड नळीवर गुंडाळून ठेवतात. स्लाइडवर हे आधीच सांगून झालेलं असतं, पण लक्षात राहतो तो नॅपकिन.

संग्रहालयात जेवणावळी कशाला? ते शोभतं का?

हा प्रश्न बहुधा असे सभासद विचारतात ज्यांनी अजून एकही दुपार आमच्याबरोबर घालवलेली नाही. तरी उत्तर देतो, कारण त्यामागे एक छान इतिहास आहे.

लंडनचं आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात साउथ केन्सिंग्टन म्युझियम या नावानं ओळखलं जाई. त्याचे पहिले संचालक हेन्री कोल. कामकरी माणसाला दिवसा सुटी मिळत नाही, तेव्हा तो येणार कधी, असा त्यांचा साधा हिशेब होता. म्हणून त्यांनी दालनांत गॅसचे दिवे लावून संध्याकाळी संग्रहालय उघडं ठेवलं. आणि लांबून आलेला माणूस उपाशी पोटी वस्तू काय बघणार, म्हणून खाण्यापिण्याची सोय केली. लोकांसाठी उपाहारगृह चालवणारं जगातलं पहिलं संग्रहालय म्हणून ते ओळखलं जातं. १८६० च्या दशकात तिथे सजवलेल्या खोल्यांपैकी एकीचं काम विल्यम मॉरिस या इंग्रज नक्षीकाराच्या कंपनीकडे होतं, तेव्हा ती कंपनी अगदी नवखी होती. मधल्या मोठ्या खोलीच्या भिंती आणि खांब चिनीमातीच्या फरशांनी मढवले. दिसायला देखणे, शिवाय पुसायला सोपे आणि आगीला दाद न देणारे. जेवणाच्या खोलीचं काम करणाऱ्याला डागांची काळजी तेव्हाही होतीच.

तेव्हा संग्रहालय आणि जेवण यांची गाठ नवी नाही. आम्ही फक्त दोघांच्या मध्ये एक व्याख्यान ठेवलं आहे.

आश्रयदाते सभासद म्हणजे कोण? साध्या सभासदाला प्रवेश का नाही?

साध्या वर्गणीपेक्षा जास्त रक्कम देऊन जे संग्रहालयाच्या कामाला दरवर्षी हातभार लावतात ते आश्रयदाते सभासद. साध्या सभासदांसाठी आणि सर्वांसाठी खुली असणारी व्याख्यानं वेगळी होतात, आणि तीही चांगलीच असतात. वक्ते अनेकदा तेच असतात. फरक जागांचा आणि जेवणाचा आहे. खुल्या व्याख्यानाला जितके येतील तितके सामावून घेता येतात, जेवणाच्या टेबलावर तसं करता येत नाही.

माझी देणगी लोकांना जेवू घालण्यात जाते का?

नाही. जेवणाचा खर्च वेगळा धरलेला असतो आणि तो येणाऱ्यांकडूनच, ताटामागे जेवढा येतो तेवढाच घेतला जातो. देणगीचा पैसा वेगळ्या खात्यात जातो आणि वेगळ्या कामाला लागतो.

कोणत्या कामाला, हे सविस्तर सांगायला हवं. संग्रहालयाला पैसे द्यायचे म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे नवं दालन आणि दारावरची नावाची पाटी येते. तशी देणगी मिळवणं तुलनेनं सोपं असतं. पण कोठारातल्या आम्लविरहित खोक्यांवर, आर्द्रता मोजणाऱ्या यंत्रांवर आणि जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवणाऱ्या माणसाच्या पगारावर कुणाचं नाव कोरता येत नाही. आणि खरं काम तर तिथेच असतं. ब्रिटिश म्युझियमचं उदाहरण घ्या: संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आणि एका वेळी लोकांसमोर साधारण ८० हजार, म्हणजे जेमतेम एक टक्का. इतर संग्रहालयांत प्रमाण कमी-जास्त असेल, पण बहुतेक मोठ्या संग्रहालयांत न दिसणारा भाग दिसणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. आश्रयदात्यांचा पैसा या न दिसणाऱ्या भागाला लागतो, आणि व्याख्यानमालेत आम्ही मुद्दाम तोच भाग दाखवतो.

सभासदांच्या पैशातून मोठी खरेदी झाल्याचीही उदाहरणं आहेत. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयाच्या मित्रमंडळाची स्थापना १८९७ ची. ब्रिटनमध्ये १९०३ साली नॅशनल आर्ट कलेक्शन्स फंड सुरू झाला, तो वर्गणीदारांच्या जोरावर, आणि तीनच वर्षांनी, १९०६ मध्ये, त्याच्या पुढाकारानं वेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराचं आरशातल्या व्हीनसचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला मिळालं. अशी संधी रोज येत नाही. खोकी मात्र रोज लागतात.

भरलेल्या पूर्ण रकमेवर करसवलत मिळते का?

नियम देशागणिक वेगळे आहेत, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या कर सल्लागाराचा. पण एक तत्त्व बऱ्याच ठिकाणी सारखं दिसतं: पैशांच्या बदल्यात तुम्हाला जे काही मिळालं, त्याची किंमत देणगीत धरली जात नाही. जेवण हे सरळसरळ ‘बदल्यात मिळालेलं’ आहे. म्हणून पावती दोन भागांत येते, देणगीची वेगळी आणि भोजनाची वेगळी. दोन्ही एकत्र करून द्या, असा आग्रह कृपया करू नका. त्यात तुमचंच नुकसान आहे.

नोंदणी कधी आणि कशी करायची?

मालिकेचं वेळापत्रक जाहीर झालं की सगळ्या आश्रयदात्यांना एकाच दिवशी कळवलं जातं. संपूर्ण मालिकेची नोंदणी आधी, सुट्या व्याख्यानांची त्यानंतर. ईमेल किंवा फोन, दोन्ही चालतं. ओळखीच्या क्युरेटरकडे, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या अभ्यासकाकडे, निरोप ठेवणं मात्र चालत नाही. तो विसरतो, आणि आम्हाला नंतर दोघांची समजूत काढावी लागते.

सगळी व्याख्यानं घ्यावी की निवडक?

पहिलंच वर्ष असेल तर निवडक घ्या. पण निवडताना फक्त आवडीचे विषय घेऊ नका. चित्रकलेच्या ओढीनं आलेला माणूस नाण्यांच्या व्याख्यानानं भारावून जातो, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे. उलट झालेलं फारसं आठवत नाही, कारण नाणेवाले फक्त नाण्यांच्याच व्याख्यानाला येतात.

जागा भरल्या असतील तर?

प्रतीक्षायादीत नाव द्या. आदल्या आठवड्यात रद्द होणाऱ्या जागा बऱ्यापैकी असतात. यादी क्रमानंच पुढे सरकते.

मागणी एवढी असताना जागा वाढवत का नाही?

हा आग्रह दरवर्षी होतो आणि दरवर्षी आम्ही तो मोडतो. गोल टेबलाला आठ माणसं बसली की समोरच्याचं बोलणं ऐकू येतं. दहा झाली की प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याशी बोलतो. शिवाय व्याख्यानाच्या वेळी एखादी मूळ वस्तू कोठारातून बाहेर आणायची असेल तर ती सर्वांना दोन हातांवरून बघता आली पाहिजे. मोठ्या गर्दीत तिला आणण्यात अर्थ नसतो. तीच गोष्ट पडद्यावर बघायची तर ती घरीही बघता येते.

पाहुणा आणता येईल का?

हो, प्रत्येक सभासदामागे एक, नोंदणी करतानाच नाव देऊन. पाहुण्याच्या भोजनाचे पैसे सभासद भरतो. तोच पाहुणा दर वेळी येत असेल तर आम्ही हळूच सभासदत्वाचा अर्ज त्याच्या पुढ्यात ठेवतो. राग मानू नये.

लहान मुलांना आणावं का?

पाऊण तास शांत बसून ऐकणारं मूल असेल तर जरूर. मुलांचे प्रश्न उत्तम असतात. वयाची अट नाही, पण खुर्ची आणि ताट प्रत्येकाचं मोजलं जातं.

विषय कोण ठरवतं?

क्युरेटर, जतन विभाग आणि सभासद कक्ष मिळून. सुरू असलेल्या किंवा येऊ घातलेल्या प्रदर्शनाशी निगडित एखादं व्याख्यान असतंच. बाकीचे विषय आतल्या कामातून निघतात: एखादं चित्र स्वच्छ करताना खाली काय सापडलं, बनावट वस्तू कशी ओळखली, नोंदवहीतल्या एका चुकीच्या आकड्यानं किती घोळ घातला. बाहेरचे अभ्यासकही बोलावतो.

वादग्रस्त विषय घेता का? जेवणाची चव जाईल ना!

घेतो. वस्तू संग्रहात आली कशी, हा प्रश्न आता कुठल्याही प्रामाणिक संग्रहालयाला टाळता येत नाही. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्यानं आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर लुटलं आणि तिथली पितळी शिल्पं युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत विखुरली. त्यातली काही अलीकडच्या वर्षांत परत गेली. चोरट्या मार्गानं होणाऱ्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० चा. नाझींनी बळकावलेल्या कलाकृतींबाबतची वॉशिंग्टन तत्त्वं १९९८ ची. या तारखा कोरड्या वाटतात, पण क्युरेटरच्या रोजच्या कामात त्या सतत असतात. देऊ केलेली प्राचीन वस्तू १९७० नंतर मूळ देशाबाहेर आली असेल आणि रीतसर कागद नसतील, तर नावाजलेली संग्रहालयं ती घ्यायला कचरतात.

अशा व्याख्यानांनंतर टेबलावर आवाज थोडे चढतात, हे खरं आहे. वस्तू परत द्यावी असं म्हणणारा आणि देऊ नये म्हणणारा शेजारी-शेजारी बसलेले असतात. आम्ही त्यांची जागा बदलत नाही. एवढंच मागणं असतं की वक्त्याला दोन घास खाऊ द्यावेत.

मला कलेतलं किंवा इतिहासातलं काही कळत नाही. मी यावं का?

यावं. वक्त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की समोर डॉक्टर, निवृत्त शिक्षक, इंजिनीअर, दुकानदार असे लोक असतील. हुशार, पण या विषयात नवखे. ‘आपणा सर्वांना माहीतच आहे की’ हे शब्द वक्त्यानं उच्चारले की सभासद कक्षातले आम्ही मागच्या रांगेत एकमेकांकडे बघतो.

एकूण किती वेळ लागतो?

व्याख्यान ४५ मिनिटं, प्रश्न १५ मिनिटं, मग जेवण. ज्यांना हवं त्यांच्यासाठी जेवणानंतर दालनात अर्ध्या तासाची फेरी.

व्याख्यान ४५ मिनिटांवर का थांबवतो? कारण ऐकणं आणि बघणं दोन्ही दमवतं. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला. काचेच्या कपाटातल्या वस्तू नीट बघायला माणसाला किती वाकावं, झुकावं, मान वाकडी करावी लागते, याचे त्यांनी चक्क फोटो काढले. दोष बघणाऱ्याच्या चिकाटीचा नाही, मांडणीचा आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. आम्ही तोच न्याय व्याख्यानाला लावतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सुरू केलेली शुक्रवारची व्याख्यानं तर बरोबर एका तासाची असतात, आणि वक्त्यानं ऐन वेळी पळ काढू नये म्हणून त्याला आधी खोलीत बंद करून ठेवण्याची प्रथा तिथे पडली असं सांगतात. आम्ही अजून कुणाला कोंडलेलं नाही. पहिल्या रांगेत घड्याळ घेऊन एक जण बसतो, तेवढं पुरतं.

मी व्याख्यान चुकवून फक्त जेवायला आलो तर?

नाही. उलट चालतं: व्याख्यान ऐकून जेवण न घेता निघता येतं, फक्त नोंदणी करताना तसं कळवा, म्हणजे ताट वाया जात नाही.

उशीर झाला तर आत सोडता का?

मागच्या दारानं, मागच्या रांगेत.

ऐकायला कमी येतं किंवा चालायला त्रास होतो. सोय आहे का?

सभागृहात श्रवणयंत्रांसाठीची लूप व्यवस्था आहे. तुमच्या यंत्रात ‘टी’ सेटिंग असेल तर ते सुरू करा, माईकवरचा आवाज थेट कानात येतो. म्हणूनच वक्त्याला आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही आम्ही माईकवरच बोलायला लावतो. ‘माझा आवाज खणखणीत आहे, माईक नको’ म्हणणाऱ्यांनी हे कृपया लक्षात घ्यावं. तुमचा आवाज खणखणीत असला तरी तो लूपमध्ये शिरत नाही. जेवणाच्या दालनात एका कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, एक शांत टेबल राखून ठेवतो. हवं असेल तर नोंदणी करताना सांगा. व्हीलचेअरसाठी सगळीकडे रॅम्प आणि लिफ्ट आहे, आणि टेबलाची एक खुर्ची आधीच काढून ठेवता येते, म्हणजे सगळ्यांसमोर हलवाहलव होत नाही.

पथ्य, उपवास, अ‍ॅलर्जी यांचं काय?

शाकाहारी ताट नेहमी असतंच. बाकी काहीही असेल तर आठवडाभर आधी कळवा. आवडनिवड आणि अ‍ॅलर्जी यांत फरक करून लिहा. ‘शेंगदाणे नकोत’ एवढंच लिहिलं तर स्वयंपाकी वरून शेंगदाणे घालणार नाही. पण ‘शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे’ असं लिहिलं तर तो पळी, पातेलं आणि ओटाही वेगळा ठेवेल. या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे.

टेबलांवर ताजी फुलं का नसतात? एवढा साधा शृंगारही परवडत नाही का?

परवडतो, पण मुद्दाम करत नाही.

लोकर, पिसं, कातडं, केस खाणारा एक बारीक किडा असतो, गालिचाचा भुंगेरा. डोळे बारीक करून पाहिला तर तपकिरी-पांढऱ्या ठिपक्यांचा इवलासा गोल मणी दिसतो. नासधूस करते ती त्याची केसाळ अळी. पूर्ण वाढलेला भुंगेरा मात्र निरुपद्रवी. तो फुलांतले परागकण खातो. आणि नेमकी इथेच गोम आहे, कारण बागेतून तोडून आणलेल्या फुलांवर बसून तो थेट इमारतीत येतो, अंडी घालायला अंधारी जागा शोधतो, आणि भोजनदालनाच्या वरच्या मजल्यावर जुनी लोकरी वस्त्रं असतात. पाहुणचारासाठी एवढा धोका पत्करायची आमची तयारी नाही.

संशयित वस्तूचं काय करतात, हेही सभासद उत्सुकतेनं विचारतात. तिला प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून गोठवतात: उणे ३० अंश सेल्सियसला तीन दिवस, किंवा घरगुती फ्रीझरच्या उणे १८ अंशांना दोन आठवडे. औषध न फवारता अळी, अंडी सगळं मरतं. बाहेर काढल्यावर वस्तू सामान्य तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडत नाहीत, नाहीतर हवेतला ओलावा तिच्यावर धरतो. घरच्या लोकरी शालींनाही ही युक्ती चालते.

चहाचा कप हातात घेऊन दालनात फेरी मारता येईल का?

कृपया नको. सांडण्याची भीती आहेच, पण सांडलेलं लगेच दिसतं आणि पुसता येतं. बिस्किटाचा चुरा दिसत नाही, आणि झुरळं, उंदीर त्याच्या मागोमाग येतात.

मूळ वस्तू हाताळायला मिळतील का?

कधी कधी. शिकवण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या वस्तू असतात, त्या हातात देतो. कोठारातून आणलेली वस्तू मात्र फक्त बघायची, हाताळणारा जतन विभागाचा माणूस असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सिनेमात जुनं हस्तलिखित उलगडताना पांढरे सुती मोजे दाखवतात. प्रत्यक्षात अनेक मोठ्या ग्रंथालयांत कागदासाठी स्वच्छ धुतलेले, कोरडे, उघडे हातच बरे समजतात. सुती मोज्यात बोटांची जाण जाते, पानाची कड अडकते, आणि फाटतं. धातूच्या वस्तूंना मात्र मोजे हवेतच, आणि तेही बहुधा नायट्राइल या कृत्रिम रबराचे, कारण हाताचा घाम धातूवर ठसा सोडतो आणि तो पुढे गंजतो. तेव्हा आमच्या माणसानं एका वस्तूला मोजे घातले आणि दुसरीला नाही, तर तो विसरलेला नसतो.

जेवणानंतरच्या फेरीत दालनात एवढा अंधार का असतो?

जलरंग, कागद, वस्त्र यांना साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच प्रकाश दिला जातो. तैलचित्रांना त्याच्या तिप्पट-चौपट चालतो. प्रकाशानं रंग उडतो तो परत येत नाही, आणि नुकसान साचत जातं: थोडा प्रकाश जास्त काळ किंवा जास्त प्रकाश थोडा काळ, हिशेब जवळपास तोच. म्हणून कागदावरची चित्रं काही महिने मांडून पुन्हा कोठारात जातात आणि सभासद तक्रार करतात की मागच्या वेळचं चित्र गेलं कुठे. ते विश्रांती घेतंय. आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा; डोळे सरावले की बरंच दिसायला लागतं.

फोटो, रेकॉर्डिंग?

दालनात फ्लॅशशिवाय फोटो चालतात. व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण सभासदांनी करू नये. वक्ते इथे अप्रकाशित संशोधन दाखवतात, ते विश्वासानं. वक्त्याची संमती असेल तेव्हा आम्हीच चित्रीकरण करतो आणि सभासदांना पाठवतो. जेवतानाचं बोलणं कधीही मुद्रित होत नाही. त्यामुळेच ते मोकळं असतं.

माझ्याकडे आजोबांच्या वेळची एक मूर्ती आहे. तज्ज्ञांना दाखवून किंमत विचारू का?

दाखवा, पण किंमत विचारू नका. संग्रहालयाचे क्युरेटर बाजारभाव सांगत नाहीत. हे शिष्टपणानं नव्हे. ज्या संस्थेला उद्या तीच वस्तू विकत किंवा दान घ्यायची वेळ येऊ शकते, तिनंच तिची किंमत ठरवणं बरोबर नाही. वस्तू कुठल्या काळातली असावी, कशाची आहे, घरी कशी जपावी, हे ते आनंदानं सांगतील. त्यासाठी ती पिशवीत घालून जेवायला आणू नका. आधी फोटो पाठवा, वेगळी वेळ ठरवू. सूपच्या वाटीशेजारी कागदातून मूर्ती उलगडली की टेबलावरच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

तीच वस्तू संग्रहालयाला दान केली तर घ्याल?

कदाचित. समिती बघते, मालकीचे कागद बघते, आणि बहुतेक वेळा नम्रपणे नाही म्हणते. एकदा नोंद क्रमांक चढला की ती वस्तू सांभाळण्याची जबाबदारी जवळजवळ कायमची येते, म्हणून घाई करत नाहीत. नकाराचा अर्थ वस्तू वाईट आहे असा नसतो. अनेकदा तशाच पाच आधीपासून कोठारात असतात.

मी मोठी देणगी देतो. कोणतं प्रदर्शन भरवावं यात माझं म्हणणं ऐकलं जाईल का?

ऐकलं जाईल. निर्णय क्युरेटरांचा राहील. जिथे देणगीदार प्रदर्शन ठरवतो तिथे पुढच्या देणगीदाराला द्यावंसं वाटेल असं फार काही उरत नाही.

कुणाशेजारी बसायचं हे आम्ही ठरवू शकतो का?

एका माणसाचं नाव सुचवा, शक्यतो जमवतो. बाकी मांडणी आमची, आणि वक्ता दर पदार्थाला टेबल बदलतो, म्हणजे दोन-तीन टेबलांना तरी तो मिळतो. नवरा-बायकोला वेगवेगळ्या टेबलांवर बसवा, अशी विनंतीही येते. तीही मान्य करतो आणि कारण विचारत नाही.

पोशाख?

नीटनेटका. सभागृह थंड असतं, शाल किंवा जाकीट बरोबर ठेवा.

ऐन वेळी येणं जमलं नाही तर पैसे परत मिळतात का?

चार दिवस आधी कळवलं तर भोजनाचे पूर्ण पैसे परत. त्यानंतर स्वयंपाकाची खरेदी झालेली असते, मग परत मिळत नाहीत. पण तुमच्या जागी दुसऱ्या सभासदाला पाठवता येतं, फक्त नाव आणि पथ्य कळवा. न कळवता गैरहजर राहिलात तर पैशांपेक्षा वाईट हे होतं की प्रतीक्षायादीतला कुणीतरी घरी बसलेला असतो.

वक्ताच आला नाही तर?

विमानं चुकतात, ताप येतो. अशा वेळी जेवण होतंच आणि आमचाच एखादा क्युरेटर किंवा जतनतज्ज्ञ सध्या हातात असलेल्या कामाबद्दल बोलतो, तयारीशिवाय, कधी कधी काम सुरू असलेली वस्तूच ट्रॉलीवर घेऊन. ठरलेलं व्याख्यान पुढच्या मोसमात घेतो आणि त्या दिवशी नोंदणी असलेल्यांना आधी विचारतो.

विषय सुचवायचा असेल तर?

दर टेबलावर एक कोरं कार्ड असतं, त्यावर लिहा. ‘इतिहास’ किंवा ‘कला’ असं लिहू नका. दालनातली एखादी वस्तू आणि तिच्याबद्दल तुम्हाला पडलेला प्रश्न लिहा. नाव लिहिलंत तर बरं, म्हणजे तो विषय ठरला की पहिला फोन तुम्हाला करता येतो.